तिकीट असेल तर बघू

ब्रिटिश म्युझियम १७५९ साली लोकांसाठी उघडलं तेव्हा फुकट होतं आणि आजही फुकट आहे. लंडनच्या आसपास राहायला आलेल्या मराठी कुटुंबाची पंचाईत इथूनच सुरू होते. फुकट म्हटलं की घाई उरत नाही. कधीही जाता येतं, म्हणून जाणं होत नाही. उलट जिथे माणशी तीस-पस्तीस पाउंड मोजावे लागतात, तिथे हीच मंडळी दार उघडायच्या आधी डबे, छत्र्या आणि मुलांची जाकिटं सांभाळत रांगेत हजर असतात. पैसे भरलेत ना, मग!

२००१ च्या डिसेंबरात ब्रिटिश सरकारने सायन्स म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या संग्रहालयांचंही तिकीट काढून टाकलं. सामान्य माणसाने यावं असा हेतू. सामान्य माणूस आलाही. लंडनजवळच्या स्लाव गावचं मराठी कुटुंब मात्र ‘जाऊ की, पळून थोडंच जातंय’ म्हणत घरी थांबलं.

या कुटुंबाला आडनाव हवं ते घाला. नवरा साताऱ्याचा, एका बँकेच्या प्रकल्पावर. बायको नागपूरची, आली तेव्हा डिपेंडंट व्हिसावर, आता नवऱ्याहून बऱ्या पगारावर. मुलगी इयर सिक्समध्ये, मुलगा रिसेप्शनमध्ये. स्लावहून विंडसरचा किल्ला रेल्वेने सहा मिनिटं, मधे एकही स्टेशन नाही. अकराव्या शतकात विल्यम राजाने बांधायला घेतलेला आणि अजून राजघराण्याच्या वापरातला हा किल्ला, ज्याचे बुरूज यांच्या वरच्या खिडकीतून दिसतात, तो यांनी आतून पाहिलेला नव्हता. कारण पक्कं होतं: “आई-बाबा येणार आहेत ना, तेव्हा करू.”

परदेशात राहणाऱ्यांच्या सहलींचं वेळापत्रक असं पाहुण्यांच्या हातात असतं. आई-बाबांना व्हिजिटर व्हिसावर एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहता येतं. तेवढ्यात सगळं इंग्लंड बसवायचं म्हणजे खेळ नव्हे. मुलगा कचेरीत प्रकल्पाची जी अंदाजपत्रकं करतो तशीच एक एक्सेल शीट घरी तयार होते. ठिकाण, अंतर, पार्किंग, शाकाहारी खाणं मिळतं का, स्वच्छतागृह कुठे, आणि शेवटच्या रकान्यात माणशी खर्च. हा रकाना पाउंडात असतो. बाबा तो चष्मा वर करून रुपयांत वाचतात. स्वतः मुलगा शंभराने गुणायचं कधीच विसरलेला असतो. बाबा विमानतळावर उतरल्यापासून त्यालाही पुन्हा गुणाकार सुरू करावा लागतो.

२०२३ च्या मे महिन्यात साताऱ्याची जोडी आली आणि विंडसरचा मुहूर्त लागला. तिथे एक शोध लागला, तो कोणत्याही इतिहासापेक्षा मोठा. तिकीट थेट राजघराण्याच्या संस्थेकडून काढलं तर त्याचा वर्षभराचा पास करून मिळतो! त्या क्षणापासून विंडसर हे प्रेक्षणीय स्थळ उरलं नाही, ती गुंतवणूक झाली. दर शनिवारी दुपारचं जेवण आटोपलं की “चला, विंडसरला चक्कर मारू”. प्रत्येक चकरेला शीटमध्ये खर्च विभागला जायचा. चौथ्या-पाचव्या खेपेला माणशी दर चहाच्या कपाच्या आसपास आला तेव्हा बाबांचा चेहरा खुलला. रिसेप्शनमधल्या नातवाला पाच वर्षांखालचा म्हणून पैसेच पडले नव्हते. तो मात्र दर वेळी फाटकावरच्या बाईला आपला पाचवा वाढदिवस किती दिवसांवर आलाय हे मोजून सांगायचा.

आत आजींना आवडली ती एकच गोष्ट, राणी मेरीचं बाहुलीघर. हे घर खरोखर बघण्यासारखं आहे. १९२१ ते १९२४ या काळात बांधलं, बाराला एक या प्रमाणात, आणि आराखडा एडविन लट्येन्सचा. म्हणजे तोच, जो त्याच सुमारास नवी दिल्ली उभी करत होता. या घरात दिवे लागतात, लिफ्ट वरखाली जाते, नळाला गरम आणि गार पाणी येतं, तळघरात खरी दारू आहे, ग्रंथालयात नखाएवढी पुस्तकं आहेत. त्यातलं एक आर्थर कॉनन डॉइलने खास या घरासाठी लिहून दिलेलं. आजी काचेला नाक लावून बराच वेळ बघत होत्या. नातीने नळाची गोष्ट समजावून सांगितली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “बाहुल्यांना चोवीस तास पाणी?” साताऱ्यात त्यांच्या गल्लीला एक दिवसाआड येतं. साम्राज्यावर इतकी नेमकी टीका इतिहासाच्या जाड पुस्तकांतही क्वचित सापडेल. आजोबा तोवर पुढच्या दालनात टिपूच्या सिंहासनावरचं सोन्याचं वाघमुख बघून आले होते आणि रागावून बाकावर बसले होते.

टॉवर ऑफ लंडनला तर ते रागावण्याच्या तयारीनेच गेले. कोहिनूर. १८४९ च्या लाहोरच्या तहात दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून घेतलेला, १८५२ मध्ये पैलू पाडताना १८६ कॅरटांवरून १०५.६ वर आणलेला, आणि १९३७ पासून राणी एलिझाबेथच्या आईच्या मुकुटात बसलेला. आजोबांना हे सगळं तोंडपाठ. त्यांचा बेत असा की हिऱ्यासमोर उभं राहायचं, नीट बघायचं, आणि मनातल्या मनात दोन शब्द सुनवायचे. पण मुकुटांच्या काचपेटीपाशी उभंच राहता येत नाही. पायाखाली सरकता पट्टा आहे. पंढरपूरच्या गाभाऱ्यात ‘चला, चला’ म्हणत पुढे काढतात तसंच. फक्त इथे हुज्जत घालायला समोर माणूस नाही. आजोबांचे दोन शब्द तयार होईपर्यंत कोहिनूर मागे गेला. ते उतरले, वळसा घालून पुन्हा पट्ट्यावर चढले. या खेपेला आजींनी मध्येच विचारलं, “यातला कुठला हो?” आणि ती फेरीही वाया गेली. तिसऱ्या फेरीला पहारेकरी ओळखीचं हसला. फोटो काढायला आत बंदी असल्याने साताऱ्याच्या व्हॉट्सॲप गटाला पुरावा म्हणून बाहेरच्या दुकानातलं फ्रिजवर लावायचं चुंबक पाठवावं लागलं. तेही आठ पाउंडांना.

टॉवरचे पैसे वसूल करायचे म्हणून मंडळींनी त्या दिवशी कावळेसुद्धा दोनदा बघितले. सहा डोमकावळे तरी तिथे असायलाच हवेत, नाहीतर राज्य बुडेल, अशी तिथली दंतकथा. आजींनी पितृपक्षाची आठवण काढली आणि विषय वाढला.

आता या उत्साहाची तुलना लंडनच्या तीन ‘दहा नंबरां’शी करून बघा. पहिलं दहा नंबर, डाउनिंग स्ट्रीट. तिथे १९८९ पासून लोखंडी फाटक आहे. फाटकातून दिसतो तो बंदूकधारी पोलीस आणि पुढच्या पर्यटकाचं डोकं. तरी कुटुंबाने तिथे अर्धा तास काढला आणि फोटोही काढले. दुसरं दहा नंबर, हाउली प्लेस. चिरोल या इंग्रज पत्रकारावरचा बदनामीचा खटला लढायला आलेले लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये तिथे राहत होते. खटला हरले, पण घरावर त्यांच्या नावाची निळी तबकडी आहे. तिसरं दहा नंबर, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर तिथे राहून शिकत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते घर विकत घेतलं. कॅम्डेन पालिकेने आधी नाकारलेली संग्रहालयाची परवानगी २०२० मध्ये मिळाली आणि आता ते स्मारक म्हणून रीतसर खुलं आहे. या शेवटच्या दोन ठिकाणी तिकीट नाही, पट्टा नाही, पोलीसही नाही. आणि म्हणूनच शीटमध्ये ती ‘वेळ उरल्यास’ या सदराखाली होती.

वेळ उरला नाही. कारण शीटमध्ये त्यांच्या आधी बेकर स्ट्रीटवरचं शेरलॉक होम्सचं घर होतं. २२१ ब हा पत्ता बेकर स्ट्रीटच्या २३७ आणि २४१ नंबरांच्या मधे येतो. जो माणूस कधी जन्मलाच नाही त्याच्या घराला नंबर तरी सरळ कशाला हवा? तिथे तिकीट आहे. मंडळींनी त्या न जन्मलेल्या माणसाची खुर्ची, टोपी आणि पाइप पैसे देऊन पाहिले. तिथून टिळक राहिले ते घर पायी अर्ध्या तासावर. आजोबांनी क्षीण आवाजात तसं सुचवून पाहिलं. “बाबा, आत सोडत नाहीत तिथे, लोक राहतात. नुसती पाटी बघायची,” असं उत्तर मिळालं. डाउनिंग स्ट्रीटच्या फाटकाबाहेर उभं राहताना ही अडचण कोणाला आठवली नव्हती.

तरी सांस्कृतिक भूक नाही असं कोणी म्हणू नये. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं आहे. गणपतीत तिथे आरतीला आवाज चढतो आणि मुंबईहून नाटक आलं की तिकीट आठवडाभर आधी काढून ठेवलं जातं. साताऱ्यात असताना शाहू कला मंदिरात दोनशे रुपये जास्त वाटायचे, इथे त्याच नाटकाला पाउंडात पैसे देऊन मंडळी पैठणी नेसून जातात आणि मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत नाटकाच्या घसरत्या दर्जावर बोलतात. थेम्सच्या काठी १९९७ मध्ये पुन्हा उभ्या केलेल्या ग्लोब नाट्यगृहात सातशे लोकांची उभ्याने नाटक बघायची सोय आहे, स्वस्तातली. तिथेही एकदा गेले. आजोबांना मात्र तिथे एक ठसका लागलाच. २०१२ मध्ये ग्लोबने शेक्सपिअरची ३७ नाटकं ३७ भाषांत केली. त्यात गुजराती होती, हिंदी, बंगाली, उर्दू होती, मराठी नव्हती. ज्या भाषेत आगरकरांनी १८८३ सालीच ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं ती भाषा! आणि आगरकर टेंभूचे, म्हणजे सातारा जिल्ह्यातलेच. पुढचा तासभर नाटक चालू असताना आजोबा आगरकरांबद्दल बोलत राहिले. शेजारी उभ्या असलेल्या इंग्रज बाईने दोनदा वळून पाहिलं, तेव्हा त्यांनी तिलाही थोडक्यात सांगितलं.

फुकटात मोडूनही कुटुंब न चुकता जातं असं एक ठिकाण आहे, नीस्डनचं स्वामिनारायण मंदिर. बल्गेरियातून आणि इटलीतून आणलेला दगड आधी भारतात पाठवला, तिथे २६,३०० तुकडे कोरून घेतले आणि मग जहाजाने लंडनला आणून १९९५ मध्ये मंदिर उभं राहिलं. देवळांच्या देशातून सात हजारांवर किलोमीटर उडून आलेल्या पाहुण्यांना पहिल्याच रविवारी देऊळ दाखवायला नेतात याचं कोडं बाहेरच्यांना पडेल. शेजारच्या उपाहारगृहात एकदा जेवलेल्याला पडत नाही.

शाळेच्या मुलांमुळे दुसरं एक गणित येतं. सत्र चालू असताना विनापरवाना सुट्टी घेतली तर ऑगस्ट २०२४ पासून दर मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पाउंड दंड. काही घरांत हा दंड आणि ऑगस्टमधलं मुंबईचं विमानभाडं समोरासमोर मांडून दंड स्वस्त पडतो असा निष्कर्ष निघतो. हे घर तितकं धाडसी नाही. त्यामुळे दिवाळीच्या आसपास हाफ-टर्म लागला की साऱ्या इंग्लंडबरोबर हेही नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या रांगेत. आत २०१७ पासून निळ्या देवमाशाचा पंचवीस मीटरचा सांगाडा छताला टांगलाय, त्याचं नाव होप. मुलगा होपखालून सरळ पळत गेला तो दुकानात. प्रवेश फुकट असलेल्या संग्रहालयातून हे कुटुंब कधीही चाळीस पाउंडांच्या आत बाहेर पडलेलं नाही. एक्सेलमध्ये हा खर्च ‘इतर’मध्ये जातो.

२०२५ मध्ये नागपूरची जोडी आली. व्याह्यांना काय काय दाखवलं याची यादी त्यांच्याकडे आधीच पोचलेली होती, त्यामुळे त्याच्या वर काहीतरी हवं होतं. सुनेने, म्हणजे यांच्या लेकीने, नॅशनल ट्रस्टचं कुटुंबाचं सभासदत्व घेतलं. हे कार्ड हातात आलं की माणूस बदलतो. पार्किंग फुकट, प्रवेश फुकट. मात्र वर्षाची वर्गणी आधी भरलेली, त्यामुळे ही फुकटेगिरी पवित्र. रिमझिम पावसात, ज्याचं नाव सकाळपर्यंत ऐकलं नव्हतं अशा उमरावाच्या जेवणघरातली चांदीची भांडी मंडळी तासन्‌तास बघू लागली. ट्रस्टने स्वतःच २०२० मध्ये अहवाल काढून सांगितलंय की त्यांच्या ९३ वास्तूंचं नातं वसाहतींशी किंवा गुलामगिरीशी आहे. हीथ्रोजवळचा ऑस्टर्लीचा वाडा ज्या चाइल्ड घराण्याचा, ते बँकवाले आणि ईस्ट इंडिया कंपनीचे कारभारी. वेल्समधल्या पोविस किल्ल्यात क्लाइव्ह घराण्याने नेलेला टिपूचा तंबू आहे. म्हणजे एकदा आपल्याकडून गेलं ते गेलंच, वर बघायला वर्गणी. नागपूरच्या बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “पण पार्किंग फुकट आहे नं?”

याच कार्डावर स्टोनहेंजही होतं. साडेचार हजार वर्षांपूर्वीचे ते दगड १९१५ मध्ये सेसिल चब नावाच्या गृहस्थाने लिलावात ६,६०० पाउंडांना घेतले. तो बायकोने सांगितलेल्या खुर्च्या घ्यायला गेला होता, असं सांगतात. तीन वर्षांनी त्याने ते देशाला देऊन टाकले. प्रवेशाला एका शिलिंगाहून जास्त घेऊ नये अशी अट घालून. आजचा दर बघून चबसाहेबांना काय वाटेल कोण जाणे. गंमत म्हणजे ए ३०३ हा रस्ता दगडांच्या इतक्या जवळून जातो, आणि त्यावर गाड्या इतक्या तुंबतात, की गाडीत बसल्या बसल्या पंधरा मिनिटं स्टोनहेंज फुकट दिसतं. कुटुंबाला ते तसं दिसलंच. कोणी मान वळवली नाही. पार्किंग, मग अडीच किलोमीटरची बस, मग दोरीच्या अलीकडून गोल फेरी, हे सगळं झाल्यावर ते अधिकृतपणे बघितलं गेलं.

फेरी संपवून नागपूरच्या बाबांनी निकाल दिला, “बरंय. आपल्याकडे असतं तर शेंदूर फासला असता.” आपल्याकडे आहे. नागपूरहून काटोल रस्त्याने थोडं बाहेर गेलं की जुनापाणी लागतं. तिथे महापाषाणकाळातली सुमारे तीनशे शिळावर्तुळं आहेत, १८७९ साली रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांतली काही उकरलीही होती. बाबांची सगळी नोकरी नागपुरात झाली. जुनापाणीला ते कधी गेले नाहीत. तिकीट नाही, बस नाही, दोरी नाही. जाऊन करायचं काय?

आईंच्या वाट्याला व्हॅन गॉग आला, तोही वाटेत. ट्राफल्गर चौकात पाहुणे घेऊन फिरणाऱ्या प्रत्येक भारतीय घराला नॅशनल गॅलरी माहीत असते, ती स्वच्छ आणि फुकट स्वच्छतागृहासाठी. पण १८८८ च्या ‘सूर्यफुलां’वर २०२२ मध्ये आंदोलकांनी टोमॅटो सूप फेकलं, २०२४ मध्ये पुन्हा सूप फेकलं, आणि त्या ऑक्टोबरपासून बाळाचं दूध आणि औषध सोडून कोणतंही पातळ आत न्यायला बंदी झाली. आईंच्या पिशवीत ताक होतं. दारावरच्या तपासनीसाने बाटली उजेडात धरली. आतला कढीपत्ता आणि जिरं तरंगताना पाहून त्याच्या मनात सूपाचा संशय बळावला असावा. लेकीने ‘बटरमिल्क’ सांगितलं, आईंनी “औषधच आहे, पोटाला बरं” असं मराठीत सांगितलं. उपयोग झाला नाही. अखेर चौघांनी पायऱ्यांवर बसून, नेल्सनच्या खांबाकडे तोंड करून, बाटली संपवली. ताक पिऊन झाल्यावर आत जायचं मूळ कारण आणखीच तातडीचं झालं होतं. परतीच्या वाटेवर सूर्यफुलं दिसली. “फुलं सुकलेलीच काढली आहेत,” एवढं आई म्हणाल्या. चित्राबद्दलचं त्यांचं हे निरीक्षण बिनचूक आहे.

लॉर्ड्सची फेरी मात्र दोन्ही जोड्यांना घडली, कारण ती पैसे देऊन करायची आहे. ड्रेसिंग रूममध्ये मानकऱ्यांचे फलक आहेत. १९७९, १९८२, १९८६ अशी तीन शतकं ठोकणारा वेंगसरकर तिथे आहे. सचिन नाही, लॉर्ड्सवरच्या कसोटीत त्याची सर्वोच्च धावसंख्या ३७. गावसकरही नाही, त्याचे १८८ आले ते १९८७ च्या एमसीसी द्विशताब्दी सामन्यात, आणि तो कसोटीत धरत नाहीत. आणि मग २००२ च्या ओळीत अजित आगरकर, नाबाद १०९. सातारच्या आजोबांनी २०२३ मध्ये इथे वाटाड्याशी वाद घातला होता. नागपूरच्या बाबांनी २०२५ मध्ये तोच वाद, त्याच मुद्द्यांवर, बहुधा त्याच वाटाड्याशी घातला. दोघांच्याही तिकिटाचे पैसे इथे पुरेपूर वसूल झाले.

राहता राहिली वाघनखं. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या संग्रहातली ही नखं, साताऱ्याचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफला मिळाली असं सांगितलं जाणारी. ती शिवाजी महाराजांचीच का, याची खात्री देता येत नाही असं संग्रहालय स्वतःच म्हणतं. आजोबांनी तो भाग वाचायला नकार दिला. २०२३ मध्ये आल्या आल्या त्यांनी पहिली मागणी हीच केली होती. “व्ही अँड ए फुकट आहे बाबा, पावसाच्या दिवशी करू,” असं ठरलं. आणि त्या वर्षीचा जून हा ब्रिटनमधला नोंदवलेला सगळ्यात उष्ण जून निघाला. पाऊस पडेना. नखं तेव्हा मांडलेली होती की कपाटात होती, हे कळायला तिथे जायला तरी हवं होतं. आजोबा परत गेले.

२०२४ च्या जुलैमध्ये वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात आली. संग्रहालय आजोबांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. ते पहिल्याच आठवड्यात बघून आले आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर नखांची लांबी बोटांनी दाखवू लागले. स्लावमध्ये मुलाने शीट उघडून तारीख टाकली. “तीनच वर्षं आहेत ना बाबा? मग परत आली की इथेच निवांत बघू. तिकीट थोडंच आहे!”